‘पेन्शन नाही तर काहीच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे सोलापुरातल्या माजी सैनिकांच्या दोन-तीन ग्रुपवर मी आहे. सध्या तिथे एक मेसेज फिरतोय: ‘पेन्शन नसेल तर माजी सैनिकाला काहीच मिळत नाही. घरपट्टी माफी फक्त शौर्यपदकवाल्यांना. सैनिक वारला की बायकोचा हक्क संपला. मुलांना नोकरीत १५ टक्के राखीव जागा आहेत, पण एजंटला धरल्याशिवाय कागद हलत नाही.’ लोक हा मेसेज कळवळ्यानं पुढे पाठवतात हे मला मान्य आहे. पण तो वाचून ज्याला खरी गरज आहे तोच घरी बसून राहतो. म्हणून लिहितोय.

घरपट्टीचं आधी सांगतो, कारण ते सरळ आहे. एकेकाळी ही माफी सगळ्या माजी सैनिकांना नव्हती, शौर्यपदकधारकांसारख्या काही जणांनाच होती, तेवढ्यापुरता मेसेज खरा. २०२० मध्ये राज्य सरकारनं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना आणली आणि ती सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना लागू केली, महापालिकेच्या हद्दीत आणि गावातही. सवलत एकाच घराला मिळते. मात्र ती आपोआप लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. कित्येक जण पाच वर्षं मुकाट्यानं घरपट्टी भरत आलेत, कारण कुणी सांगितलंच नाही.

आता पेन्शनचा मुद्दा. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

अक्कलकोट तालुक्यातल्या एक अक्का माझ्याकडे आल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे. मालक फौजेत होते, ठरलेली मुदत पूर्ण करून घरी आले, पेन्शन बसली नाही. पुढं ज्वारीच्या रानात राबले आणि वारले. अक्कांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक, काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. ‘ह्याचा काय उपयोग हाय का बाळा, का चुलीत घालू?’

उपयोग होता. पेन्शन नसलेले, हवालदार पदापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा, वय ६५ च्या पुढे असेल आणि उत्पन्नाचं साधन नसेल तर दरमहा अनुदानाला पात्र ठरतात. आधी ते ४,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ८,००० रुपये झालंय, आणि ते हयातभर मिळतं. मुलांच्या शिक्षणाचं अनुदानही त्याच वेळी दरमहा १,००० वरून २,००० झालं, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाचं ५०,००० वरून १,००,०००, दोन मुलींपर्यंत. हे पैसे केंद्राचे, राज्याचे नव्हेत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाला आपण डब्यात जे टाकतो त्याच निधीतले. पण कागद तपासून शिफारस करणारं कार्यालय तेच, आपलं जिल्ह्याचं.

अक्कांचं घोडं अडलं ते नावावर. बुकात त्यांचं माहेरचं नाव, आधारवर लग्नात ठेवलेलं. आपल्याकडे बायकांची नावं बदलायची रीत, आणि त्याचा भुर्दंड म्हातारपणी त्यांनाच. प्रतिज्ञापत्र करून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, जिथं सैनिकांच्या नोंदी असतात तिकडे, पत्रव्यवहार सुरू केला. वेळ खाणारं काम आहे, खोटं कशाला सांगू. माझी सगळ्या जवानांना हात जोडून विनंती आहे, बायकोचं नाव तुम्ही असतानाच दुरुस्त करून घ्या.

म्हणजे सैनिक वारला की बायकोचा हक्क संपतो हेही खोटंच. विधवेला तिच्या स्वतःच्या नावानं ओळखपत्र मिळतं. ते काढून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

मेसेजची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. पेन्शन लागण्याआधी जो स्वतःच्या मर्जीनं फौज सोडून आला, तो नियमाप्रमाणे ‘माजी सैनिक’ या व्याख्येतच बसत नाही. मुदत पूर्ण करून आलेला बसतो. दोघांनाही पेन्शन नाही, पण दोघांची गत सारखी नाही. गावात हा फरक कुणी करत नाही आणि तिथंच घोळ होतो.

नोकरीतल्या १५ टक्क्यांबद्दल तर उलटाच गैरसमज आहे. राज्याच्या गट ‘क’ आणि ‘ड’ मधल्या त्या जागा खुद्द माजी सैनिकासाठी आहेत, त्याच्या मुलासाठी नाहीत. त्याला वयातही सूट आहे, फौजेतल्या सेवेइतकी आणि वर तीन वर्षं. सैनिकी सेवेमुळे मृत्यू आला किंवा नोकरीला नालायक ठरवणारं अपंगत्व आलं, तर कुटुंबातल्या एकाच व्यक्तीचा विचार होतो, तोही सेवेत अपंग झालेल्या माजी सैनिकांनंतर. ‘पोराला फौजी कोट्यातून लावतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातात दमडी देऊ नका.

आणि एजंट. अक्कांकडे एकानं पाच हजार मागितले होते, त्यासाठी शेळी विकायची तयारी चालली होती. या अर्जांना फी नाही. केंद्राच्या अनुदानांचे अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरतात. जमत नसेल तर कॉलेजात जाणारी नात भरेल, नाहीतर कार्यालयात विचारा. जाताना डिस्चार्ज बुक, आधार, बँकेचं पासबुक, फोटो आणि मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला न्या. झेरॉक्स दोन-दोन काढा. घरातून निघण्याआधी बुक उघडून सेवामुक्तीचं कारण काय लिहिलंय ते वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या. कार्यालयात पहिला प्रश्न त्यावरूनच येईल.