‘केलेलं नव्वद टक्के लक्षात राहतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द दरवेळी थोडे बदलतात, गाभा तोच. माणसाला वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के, पाहिलेलं 30 टक्के, पाहिलेलं-ऐकलेलं 50 टक्के आणि स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं. तेव्हा फळ्यावर विज्ञान शिकवणं सोडा. ॲनिमेशन दाखवा, संकल्पना एका तासात स्पष्ट होते. आभासी प्रयोगशाळा आली, खरी आता अडगळ झाली. मुलं जन्मतःच डिजिटल आहेत, शंकांसाठी चॅटबॉट आहे, शिक्षकाने फक्त बाजूला व्हायचं.

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना पडदा, सेन्सर, सिम्युलेशन (संगणकावर चालवलेला आभासी प्रयोग) हे सगळं वापरावं असंच माझं मत आहे, आणि म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. चांगल्या साधनाची वकिली खोट्या पुराव्यावर केली की अपेक्षाभंग होतो आणि साधन कपाटात जाऊन पडतं. (कपाटाची किल्ली कुणाकडे, हा मग वेगळा संशोधनाचा विषय.) मेसेजमधले मुद्दे ओळीने घेऊ.

“वाचलेलं 10 टक्के, केलेलं 90 टक्के”

हे आकडे कुठल्याही प्रयोगातून निघालेले नाहीत. ते बहुतेक वेळा एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी 1946 साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला होता हे खरं: तळाशी प्रत्यक्ष अनुभव, वर चढत गेलं की चित्रं आणि टोकाला शब्द. त्या शंकूत एकही टक्का नव्हता. टक्के पुढे 1967 साली डी. जी. ट्राइक्लर यांच्या एका मासिकातल्या लेखात दिसतात, तेही पुराव्याविना. नंतर कुणीतरी ते शंकूवर चिकटवले आणि डेल यांचं नाव फुकट वापरलं गेलं.

इतिहास माहीत नसला तरी आकड्यांचं रूपच बोलकं आहे. 10, 20, 30, 50, 90. खऱ्या मोजमापात इतके गुळगुळीत आकडे ओळीने येत नाहीत. शिवाय काय वाचलं, कुणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, याचा पत्ता नाही. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत एककं न लिहिता नुसते आकडे लिहिले तर आपण लाल शाईने गोल करतो. मेसेजला मात्र अंगठा देऊन पुढे पाठवतो.

त्यातही गंमत अशी की मेसेज स्वतःच्याच पायावर धोंडा मारतो. ‘केलेलं 90 टक्के’ हे खरं धरलं, तर निष्कर्ष प्रयोगशाळा वाढवण्याचा निघायला हवा. ती बंद करून व्हिडिओ लावण्याचा निघतोच कसा?

“ॲनिमेशन दाखवलं की संकल्पना स्पष्ट होते”

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा दावा खोटा वाटत नाही. ॲनिमेशन पाहून मुलं खरोखरच म्हणतात, “कळलं!” त्या ‘कळलं’चं करायचं काय, हा प्रश्न आहे.

सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी 2008 साली पूर्ण केलेल्या पीएचडीचा विषय नेमका हाच होता. काही विद्यार्थ्यांना त्यांनी बल आणि गतीवरचा नीटनेटका, मुद्देसूद व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ सोपा होता, स्पष्ट होता, असं विद्यार्थ्यांनी आवर्जून सांगितलं. चाचणीतले त्यांचे गुण मात्र जिथे होते जवळपास तिथेच राहिले. इतर काहींना दाखवलेल्या व्हिडिओत एक पात्र नेहमीच्या चुकीच्या कल्पना बोलून दाखवत होतं (वर फेकलेल्या चेंडूवर वर जाताना हाताचं बल अजून लागू असतं, ही त्यातली जुनी खोड) आणि संवादातून त्या खोडल्या जात होत्या. हा व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला. त्यांचे गुण जवळपास दुप्पट झाले.

असं का होतं? मूल वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही. गतीबद्दल, उष्णतेबद्दल, विजेबद्दल त्याच्या डोक्यात आधीच काहीतरी पक्कं बसलेलं असतं. गुळगुळीत व्हिडिओ पाहताना त्याला वाटतं, ‘हे तर मला माहीतच होतं’, आणि जे दिसलं ते जुन्या समजुतीत बसवून ते मोकळं होतं. बरोबर काय ते सांगितलं, पण त्याचं स्वतःचं मत कुठे चुकतं हे दिसलंच नाही, तर मत बदलायला कारणच मिळत नाही. (हेच म्युलर पुढे विज्ञानाच्या व्हिडिओंसाठी जगभर गाजले, म्हणजे माध्यमाशी त्यांचं वैर नाही.)

पडदा काढून समोर खरा प्रयोग ठेवला तरी पाहणं हे पाहणंच राहतं. हार्वर्डमध्ये एरिक माझुर आणि सहकाऱ्यांनी वर्गातल्या प्रात्यक्षिकांचा असा अभ्यास केला आणि तो 2004 साली प्रसिद्ध झाला. प्रात्यक्षिक न पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे 22 टक्क्यांना नंतर घटनेचं कारण बरोबर सांगता आलं. नुसतं पाहिलेल्यांपैकी 24 टक्क्यांना. एवढा खटाटोप करून दोन टक्के! ‘आता काय होईल?’ याचा अंदाज आधी नोंदवायला लावलेल्या गटात मात्र हे प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं आणि शेजाऱ्याशी चर्चाही करायला लावलेल्या गटात 32 वर. अंदाज नोंदवायला लागतात जेमतेम दोन मिनिटं.

अंदाज लिहून ठेवलेलं मूल पडद्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. व्हिडिओ ‘प्ले’ करण्याआधी थांबणं आणि हात वर करून मत मागणं यासाठी कुठलंही नवं उपकरण विकत घ्यावं लागत नाही. बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आणखी एक. ॲनिमेशन काही वेळा चुकीचंच शिकवतं. अणूच्या केंद्रकाभोवती ग्रहांसारखे ठरावीक कक्षेत फिरणारे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं पडद्यावर गरगरत आहेत. पुढच्या इयत्तेत ते चित्र पुसायला शिक्षकाला किती घाम गाळावा लागतो, ते रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना विचारा. तारेतून सुसाट धावणारे इलेक्ट्रॉन हाही तसाच प्रकार. तांब्याच्या तारेत त्यांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला एक मिलिमीटरही नसतो. बटण दाबताच दिवा लागतो, त्याचं कारण निराळं आहे. तो तास खरं तर त्या निराळ्या कारणासाठी द्यायला हवा.

“आभासी प्रयोगशाळा आली, खरी अडगळ झाली”

आभासी प्रयोगाच्या बाजूने जे खरं आहे ते आधी सांगतो, कारण ते मेसेजवाल्यांनाही माहीत नसतं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. तिथल्या नोआ फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पडद्यावर विद्युत परिपथ जोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा-दिवे हाताळणाऱ्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस कामगिरी केली. पुढे खरा परिपथ जोडून तो कसा चालतो हे सांगण्यातही तेच पुढे होते. पडद्यावर प्रवाह ‘दिसतो’, सैल जोडणीशी झगडण्यात तास वाया जात नाही, आणि ‘पहिला दिवाच बराचसा प्रवाह खाऊन टाकतो’ ही समजूत तिथल्या तिथे तपासता येते. अभ्यास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा आहे, शाळेतल्या नव्हे, तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ग्रहांची गती, वायूचे रेणू, किरणोत्सारी ऱ्हास, पिढ्यान् पिढ्यांची आनुवंशिकता हे शाळेच्या टेबलावर येऊच शकत नाही. तिथे सिम्युलेशनला पर्याय नाही.

मग अडगळ का म्हणायचं नाही? लोलकाचा प्रयोग घ्या. सिम्युलेशनमध्ये लांबी 1 मीटर ठेवली, घर्षण शून्य केलं की आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) सुमारे 2 सेकंद येतो आणि त्यावरून g, म्हणजे गुरुत्व त्वरण, काढला की उत्तर बरोबर. दरवेळी बरोबर. खऱ्या लोलकाशी गाठ पडली की प्रश्नच प्रश्न. लांबी कुठपर्यंत मोजायची, गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत की मध्यापर्यंत? स्टॉपवॉच टोकाला सुरू करायचं की मध्यातून जाताना? हाताने वेळ घेताना 0.2 सेकंदाची चूक सहज होते. एकच आंदोलन मोजलं तर 2 सेकंदांत 0.2 म्हणजे 10 टक्के चूक, आणि सूत्रात कालाचा वर्ग असल्याने g मध्ये सुमारे 20 टक्के. तीच चूक 20 आंदोलनांवर पसरली, म्हणजे 40 सेकंदांत 0.2, तर g मधली चूक 1 टक्क्यावर येते. ‘वीस आंदोलनं का मोजायची?’ याचं उत्तर पाठ करून देता येतं, पण ज्याच्या हातून एकदा g बराच चुकीचा आलाय त्याला ते पाठ करावं लागत नाही. निसर्ग नीटनेटका आकडा देत नाही आणि तरी त्याच्याकडून विश्वासार्ह उत्तर काढता येतं, हे ज्या तासाला कळतं तोच विज्ञानाचा तास. सिम्युलेशनमधून आपण नेमका तोच भाग घासून काढून टाकलेला असतो.

मात्र प्रयोगशाळेची आरतीही ओवाळायला नको. पुस्तकातलं उत्तर आधी बघायचं, मागे गणित करून निरीक्षणं भरायची आणि सही घ्यायची, हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या नताशा होम्स यांनी त्याच कार्ल वीमन यांच्यासोबत वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या प्रयोगवर्गांची आकडेवारी तपासली. सिद्धान्त पक्का व्हावा म्हणून घेतलेल्या ठरीव प्रयोगांचा परीक्षेतल्या गुणांवर मोजता येण्यासारखा फायदा दिसला नाही. म्हणजे ‘खरं विरुद्ध आभासी’ हे भांडणच चुकीच्या जागी लावलेलं आहे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर काचेचं चंचुपात्रही आभासीच.

या भांडणात एक तिसरा प्रकार विसरला जातो आणि माझ्या मते माध्यमिक शाळेत सर्वात जास्त कामाचा तोच आहे: खरा प्रयोग, पण मोजमाप सेन्सरचं. मूल गतिसेन्सरसमोर चालतं आणि अंतर-काल आलेख पडद्यावर त्याच क्षणी उमटत जातो. थांबलं की रेघ आडवी, मागे फिरलं की उतार उलटा. हेदर ब्रासेल यांनी 1987 साली शाळकरी विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आलेख लगेच दिसला तर आलेख वाचण्याची समज चांगली सुधारली, आणि तोच आलेख सुमारे 20 सेकंद उशिरा दाखवला तर फायदा बहुतांश गळून गेला. आलेख तोच, फरक फक्त वेळेचा. पावलाचा आणि रेघेचा संबंध मनात जुळायला दोन्ही एकाच वेळी समोर लागतात. उपकरण खरेदीच्या बैठकीत पडद्याचे इंच विचारले जातात, आलेख लगेच उमटतो का हे कुणी विचारत नाही.

“आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत”

यावर फार वेळ घालवत नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांच्या संगणक आणि माहिती साक्षरतेच्या 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सर्वोच्च पातळी गाठणारे विद्यार्थी होते 2 टक्के. बोट सराईतपणे सरकवणं आणि मिळालेली माहिती तपासणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं शिकवावं लागतं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या 2015 सालच्या अहवालातही, शाळांत संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांमध्ये वाचन, गणित किंवा विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नव्हती.

“शंकांना चॅटबॉट आहे, शिक्षकाने बाजूला व्हावं”

शिक्षकाला बाजूला करण्याची घोषणा जुनी आहे. पुस्तकं लवकरच शाळेतून हद्दपार होतील आणि चलच्चित्रांमुळे दहा वर्षांत शाळा पार बदलेल, असं एडिसन 1913 साली सांगून बसले होते.

चॅटबॉटचं म्हणाल तर तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग बघण्यासारखा आहे. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट हाताशी असलेल्यांचे गुण 48 टक्क्यांनी वाढले. पुढे चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तेच विद्यार्थी कधीच न वापरलेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडले. थेट उत्तर न देता इशारे देणारा, शिक्षकांच्या मदतीने बांधलेला चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान बहुतांशी टळलं. हे गणितातलं आहे, विज्ञानात अगदी असंच होईल असं म्हणत नाही. पण उत्तर कधी रोखून धरायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, एवढं त्यातून दिसतं.

विज्ञानातलं उदाहरण हवं तर ‘फायफॉक्स’ घ्या. आखेन विद्यापीठात तयार झालेलं हे मोफत ॲप फोनमधले सेन्सर प्रयोगासाठी खुले करतं. त्यातलं गुरुत्वासह त्वरण दाखवणारं पान उघडा आणि फोन टेबलावर ठेवा. फोन स्थिर आहे, तरी आकडा सुमारे 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) येतो. तोच फोन जाड गादीवर पडू द्या. हवेत असताना आकडा शून्याजवळ. वर्ग ओरडतो, “ॲप उलटं दाखवतंय!” चॅटबॉटला विचारलं तर चार ओळींत बरोबर उत्तर येईल, वहीत उतरेल आणि संपेल. शिक्षकाने तिथे उत्तर न देता पुढचा अंदाज मागायचा: फोन सरळ वर फेकला, तर हातातून सुटल्यावर वर जाताना काय दिसेल? 9.8 पेक्षा जास्त, कमी, की शून्य? बरेच हात ‘जास्त’साठी वर जातील, कारण चेंडूवरचं ते हाताचं बल अजून डोक्यात आहे. मतं फळ्यावर लिहून झाली की मग फोन फेकायचा. जुना फोन घ्या आणि गादी जागेवर आहे ना, ते आधी बघा.