कच्च्या कैद्यांवर रॅप लिहायचाय? बस भावा, समजावतो

नाशकात राहून रॅप करायचा तर विषय नीट पकड ना भावा. एक्स आहे, मित्राने दिलेला दगा आहे, काळी स्कॉर्पिओ आहे, नाहीच सुचलं तर मिसळ आहे. तुला म्हणे तुरुंगावर लिहायचंय, न्यायव्यवस्था सुधारायचीय. बरं, ऐकणार नाहीसच तर निदान पद्धतशीर कर.

आकडे अजिबात टाकू नको. २०२२ च्या एनसीआरबी (गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था) अहवालात देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची (खटला संपायच्या आधीच आत असलेली), म्हणजे चारातल्या तिघांचा निकालच लागलेला नाही, आता हे कुठल्या बीटवर बसवणार तू? आणि नव्या कायद्यातलं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं, कलम ४७९ तर चुकूनही घेऊ नको. १ जुलै २०२४ पासून पहिल्यांदाच आत गेलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस काढले की त्याला जामिनावर सोडायचं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले सोडून), आणि त्यासाठी कोर्टात अर्ज तुरुंग अधीक्षकानेच करायचा, असं लिहिलंय त्यात. सुप्रीम कोर्टाने तर जुन्या केसेसनाही हे लागू म्हणून सांगितलं. हे तू तीन मिनिटांच्या गाण्यात सांगितलंस आणि सिडको-सातपूरच्या चार आयांनी ऐकलं की माझ्या पोराचा अर्ज कुठाय म्हणून विचारत येतील सगळ्या, उगाच तुरुंगाच्या ऑफिसातल्या लोकांना ताप.

हुकलाइनचं टेन्शन घेऊ नको, ती तयार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी पकडलेल्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करून म्हणायला लावलं, ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. जिल्हा-बालेकिल्ला, यमक बघ काय कडक! गाणारे सगळे आरोपी, खटला उभा राहायचा बाकी, पण रील आधी हिट, आणि आख्ख्या शहराने हसत हसत फॉरवर्ड केली. आपल्याकडचा न्यायावरचा सगळ्यात गाजलेला रॅप हाच, फक्त ज्याने म्हटला त्याला कुणी विचारलं नव्हतं. तू कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला उभा राहतोस तेवढं बघ.

कारण दुसऱ्या बाजूची उदाहरणं पण आहेत. एप्रिल २०२३ ला संभाजीनगरच्या राज मुंगसेने राजकारण्यांच्या पैशांच्या खोक्यांवर रॅप केला, गुन्हा दाखल झाला थेट अंबरनाथला, त्याच महिन्यात मुंबईच्या उमेश खाडेवर वडाळ्यात. तिकडे अमेरिकेत किती वेळ घालवतात बघ, यंग ठग नावाच्या रॅपरच्या केसमध्ये गाण्यातल्या ओळी पुरावा म्हणून चालतील का यावर कोर्टात वाद, कॅलिफोर्नियाने तर २०२२ मध्ये असल्या पुराव्याला लगाम घालायला कायदाच केला. आपल्याकडे कडवं आवडलं नाही की तेच गुन्हा, पुराव्याची भानगडच नको, कोर्टाचा केवढा वेळ वाचतो.

आणि ते अमेरिकन रॅपर मीक मिलचं उदाहरण कट्ट्यावर देऊ नको. २०१७ मध्ये प्रोबेशन (शिक्षेऐवजी अटींवर बाहेर राहणं) मोडलं म्हणून त्याला दोन ते चार वर्षं ठोकली, कारणांमध्ये रस्त्यावर बाइकची व्हीली मारली, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवली, हे पण होतं. २०१८ ला सुटला आणि पुढच्या वर्षी रॅपर जे-झीबरोबर प्रोबेशनचे कायदे बदलायला संस्था काढून बसला. कॉलेज रोडला रोज संध्याकाळी व्हीली चालते, निघाली का एक तरी संस्था? नाय निघणार, इथे फोन केला की पप्पा येतात सोडवायला. ज्याचे पप्पा येत नाहीत तो नाशिकरोडच्या तुरुंगात आहे, आणि तू त्याच्यावर लिहायला निघालायस.

कुणीतरी म्हणेलच की हे रॅप-बिप आपली संस्कृती नाही. तेव्हा लोकशाहीर वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे होते असलं काही बोलू नको, वाद वाढतो. आणि साने गुरुजींनी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हे तर बिलकुल सांगू नको. म्हणतील, बघ, आत लिखाणाला किती छान वातावरण असतं, तू पण जाऊन ये.