बुसरा कोंबड्यांवरील लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचे उत्तर

नाशिकजवळ घरगुती कळपासाठी बुसरा जातीची कोंबडी कशी शोधावी, या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया आली. ती मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायचे की नाही याचा विचार केला. पण इतर वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आपले मुख्य वाक्य असे आहे: "बुसरा जपणे हा नाशिकच्या बंगल्यात राहणाऱ्यांचा शौक आहे, आदिवासींच्या अंगणातून कोंबड्या उचलून आणायच्या आणि वर संवर्धनाचा उपदेश करायचा." त्यापुढे आपण अंडी कमी मिळतात, लहान कळपात रक्त जवळचे होते, पिसांवरून जात ओळखणे अशास्त्रीय आहे आणि लसीची कुपी वाया जाते, असे चार मुद्दे मांडले आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

आधी जे मान्य आहे ते मान्य करते. बुसरा अंडी थोडी देते, वर्षाला चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान, आणि तीही लहान. हे आपण बरोबर लिहिले आहे. माझ्या लेखातही ते होते, पण आपण तिथपर्यंत वाचलेले दिसत नाही.

आता "उचलून आणायच्या" याविषयी. एखाद्या अनोळखी व्यक्तीने गरिबाच्या दारातली वस्तू उचलून आणली, असे जाहीरपणे लिहिण्याआधी ती तिने कशी आणली हे विचारण्याची पद्धत आहे, आणि आपण ती पाळलेली नाही. मी एकही मोठा पक्षी आणला नाही. पिंपळनेरहून चरणमाळ घाट उतरून नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडे जाताना, आमच्या कुटुंबाची फार जुनी ओळख असलेल्या एका घरातून मी अंडी आणली, आणि तीसुद्धा मागच्या सात दिवसांत घातलेलीच, कारण त्याहून जुनी अंडी उबवणीला बसवली तर पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरते. बांबूच्या पाटीत भाताचा तूस भरून, निमुळते टोक खाली ठेवून, एकमेकांना लागणार नाहीत अशी ती रचली. घाटाच्या वळणांनी अंड्यांना हादरे बसतात, म्हणून घरी पोहोचल्यावर ती लगेच कोंबडीखाली ठेवली नाहीत. आतली हवेची पोकळी जागेवर बसावी म्हणून रात्रभर थंड खोलीत तशीच राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच मळ्यातल्या खुडूक बसलेल्या साध्या गावरान कोंबडीखाली घातली. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिले, तेव्हा ज्यांत लाल शिरांचे जाळे दिसले ती ठेवली आणि स्वच्छ पिवळी दिसणारी काढून टाकली.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की अंडी आणली तर देणाऱ्या घराची कोंबडी त्यांच्याच अंगणात राहते. अंडी काढून घेतली की ती बहुधा खुडूक बसण्याआधी आणखी घालते, त्यामुळे त्या घराची उबवणी फार तर थोडी लांबते. शिवाय त्या बाईंनी अंड्यांचा जो दर सांगितला तो बाजारातल्या अंड्याचा नव्हता, निघणाऱ्या पिल्लाचा होता, आणि तो रास्त होता म्हणून मी घासाघीस केली नाही. पाड्यांवर कोंबडी वाट्याने पाळायला देण्याची रीत आहे: एकाने कोंबडी द्यायची, दुसऱ्याने सांभाळायची आणि पिल्ले निम्मी निम्मी वाटून घ्यायची. मीही त्या घराशी त्याच धर्तीवर ठरवले आहे. आमच्याकडे तयार होणाऱ्या चांगल्या कोंबड्यांपैकी त्यांना हवा तो त्यांचा, पण लसीकरण पूर्ण करून आणि निघण्याआधी दोन आठवडे इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवून, म्हणजे इकडचा रोग तिकडे जाणार नाही. याला आपण "उचलून आणणे" म्हणता. माझ्यासाठी नव्हे, तर ज्या बाईंनी विचार करून, दर ठरवून, अटी घालून हा व्यवहार केला त्यांच्यासाठी हे शब्द अपमानकारक आहेत. त्या काही कुणाच्या दयेवर बसलेल्या नाहीत.

"बंगल्या"बद्दलही सांगते. मी म्हसरूळच्या पुढे सासरच्या मळ्यातल्या जुन्या घरात राहते. खुराडे आम्ही स्वतः बांधले आहे आणि मुंगूस शिरू नये म्हणून त्याच्या जाळीची कड जमिनीत पुरली आहे. हे सांगावे लागावे, याचेच मला वाईट वाटते.

आणि शौकाचा आरोप करण्यापूर्वी आपण आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. माझे वडील पशुधन पर्यवेक्षक होते आणि माझे बालपण नवापूर तालुक्यात गेले. बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस घेऊन ते सायकलवर पाड्यांवर जात आणि सुट्टीच्या दिवशी मला सोबत नेत. बुसरा ही जात मला पुस्तकातून कळलेली नाही. पांढऱ्या अंगावर मान, पाठ आणि शेपटीत काळी पिसे, खांद्यांवर आणि पंखांवर तांबूस तपकिरी छटा, एकेरी लाल तुरा, पिवळे पाय, हलका आणि सतत सावध असा तो पक्षी मी अंगणाअंगणांत पाहिला आहे. आज कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत गुजरात आणि महाराष्ट्राची जात म्हणून जिचा समावेश आहे, तिला त्या काळी कुणी जात म्हणत नसे. ती घरची कोंबडी होती.

फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक नोंदला गेला तो याच नवापुरात. तिथे अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोठ्या पोल्ट्री आहेत. रोग पसरू नये म्हणून बाधित केंद्राभोवतीच्या ठरावीक परिघातले सगळे पक्षी नष्ट करावे लागतात, आणि त्यात पोल्ट्रीतला पक्षी कुठला आणि अंगणातला कुठला असा भेद करता येत नाही. ते योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या मावशीचे घर त्या परिघात होते. तिच्या आईकडून आलेल्या कोंबड्यांची सारी वेल एका दुपारी संपली, आणि त्यानंतर तिने जे पक्षी आणले ते बाजारातले, संकरित. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तोच रोग आला आणि पुन्हा पक्षी नष्ट करावे लागले. ज्या जातीचे मूळ क्षेत्र नंदुरबार-धुळ्याचा काही भाग आणि त्याला लागून असलेला गुजरातचा पट्टा एवढेच आहे, आणि त्याच क्षेत्राच्या मध्यावर इतकी दाट पोल्ट्री आहे, त्या जातीचे काही शुद्ध कळप त्या परिघाच्या बाहेर असणे आवश्यक आहे, हे माझ्या लेखाचे म्हणणे होते. नाशिक त्यासाठी पुरेसे दूर आहे आणि मूळ गावाशी संबंध तुटणार नाही इतके जवळही आहे. आपण या मुद्द्याला स्पर्शही केलेला नाही. शौक म्हणून मोकळे होणे त्यापेक्षा सोपे आहे.

उरलेल्या मुद्द्यांविषयी थोडक्यात लिहिते. ज्यांना अंडीच हवी आहेत त्यांनी कावेरी किंवा वनराजा घ्यावी. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता. मात्र त्या संकरित असल्याने घरच्या अंड्यांतून काढलेल्या पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत आणि पिल्ले पुन्हा केंद्रातूनच आणावी लागतात, हेही आपण वाचकांना सांगायला हवे होते.

पिसांवरून जात ठरवा असे मी कुठेही लिहिलेले नाही. पिसांच्या जोडीला वजन पाहा, असे लिहिले होते. पूर्ण वाढलेली बुसरा साधारण किलोच्या आसपास भरते; तीन महिन्यांत दीड-दोन किलोला पोहोचणारा पक्षी, त्याचा रंग कितीही जुळला तरी, डीपी क्रॉस किंवा तत्सम संकर असतो. आठवडे बाजारात "गावरान" म्हणून विकल्या जाणाऱ्या पाटीत असे पक्षी सर्रास मिसळलेले असतात, आणि एकाच पाटीत अनेक गावांचे पक्षी एकत्र आल्याने रोगाचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून बाजारातून नव्हे, घरातून घ्या, आणि घेण्याआधी त्या घराची तलंगा, कोंबडी आणि कोंबडा अशी सगळी मंडळी एकत्र पाहा, हा माझा सल्ला कायम आहे.

लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते आणि लस कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते, हे खरे आहे. त्यासाठी आम्ही मळ्याच्या आसपासच्या घरांशी सकाळची एक वेळ ठरवतो आणि पहिल्या आठवड्यातली लासोटा व आठ आठवड्यांनंतरची आर-टू-बी या राणीखेतच्या लसी सगळ्यांच्या पक्ष्यांना एकाच दिवशी देतो. कुपी वाया जात नाही आणि शेजारून राणीखेत आपल्या खुराड्यात येण्याचा धोकाही कमी होतो.

रक्त जवळचे होण्याचा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत एका ओळीत आला आहे आणि त्याचे उत्तर माझ्या लेखातच होते: आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा, तो वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या घराशी बदलावा, आणि नवा कोंबडा सोडल्यावर तीन आठवडे अंडी उबवणीला ठेवू नयेत, कारण जुन्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकते. एका कळपाने जात टिकत नाही हे मला शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच मी कळपांची साखळी जोडण्याविषयी लिहिले होते.

सुरगाणा, कळवण आणि सटाणा भागातून काही वाचकांनी आपल्याकडे जुन्या बुसरा असल्याचे कळवले आहे, आणि पावसाळा सरल्यावर कोंबड्यांची, म्हणजे नरांची, अदलाबदल करण्याचे आमचे ठरत आहे. आपल्याकडे या जातीचे पक्षी असतील तर कोंबड्याचे वय आणि तो कोणत्या गावचा एवढे कळवा, मी आपल्यालाही त्यात धरीन. नसतील तर मात्र ही चर्चा मी इथे थांबवते, कारण बाजारातून काळा-पांढरा पक्षी घेऊन फसलेल्या वाचकांची पत्रे पडून आहेत आणि मला त्यांना आधी उत्तरे द्यायची आहेत.