खुलासा: पालकांना एलएलबीची दारं बंद नाहीत

‘तिशी ओलांडली, पदरात मुलं असली की लॉ कॉलेज फॉर्मच घेत नाही’ हा मेसेज गोव्यात फोंड्यापासून म्हापशापर्यंतच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

वयाची अट होती, हे खरं. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या गटासाठी 30 वर्षांची मर्यादा होती. मधे मागे घेतलेली ही अट कौन्सिलने 2016 मध्ये परिपत्रक काढून पुन्हा लागू केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. मुलं असण्याची अट तर कधी नव्हतीच. ती कुठून आली देव जाणे!

मिरामारचं साळगावकर असो वा मडगावचं कारे कॉलेज, पाहिले जातात ते पदवीचे गुण: खुल्या गटाला किमान 45 टक्के, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40.

आयांची खरी अडचण कागदांत होते. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडा. गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या कराव्याच लागतात, म्हणजे तो घरात असणारच, शोधा तेवढा.

आणि ‘घरबसल्या एलएलबी’च्या जाहिरातीला भुलू नका. बार कौन्सिल दूरशिक्षणाची एलएलबी मानत नाही, वकिली करायची सनद मिळणार नाही. नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी आहे, तेव्हा मुलांना शाळेतून आणणार कोण हे आधी घरात ठरवा.