विल्यम ब्राऊनची 11 वर्षं आणि मस्टरमधली एक ओळ

महिला दिन जवळ आला की एक पोस्ट हमखास फिरते. परवा आमच्या ग्रुपवर पुन्हा आली. मजकूर थोडक्यात असा: विल्यम ब्राऊन या नावाने एक कृष्णवर्णीय स्त्री पुरुषवेशात ब्रिटिश नौदलात 11 वर्षं राहिली, ‘क्वीन शार्लट’ या बलाढ्य युद्धनौकेवर पुढच्या डोलकाठीवरच्या खलाशांची प्रमुख, म्हणजे फोरटॉपची कप्तान झाली, 1815 मध्ये खलाशांचे पगार चुकते करून जहाज रिकामं केलं तेव्हा तिचं गुपित फुटलं, आणि तरीही नौदलाने तिला परत कामावर घेतलं.

गोष्ट मनाला भिडते, मलाही भिडली होती. पण त्या जहाजाचं मस्टर शिल्लक आहे, आणि ते वेगळंच सांगतं.

मस्टर हा शब्द आपल्याला नवा नाही. कचेरीत सकाळी सही करतात ते मस्टर. रोजगार हमीच्या कामावरचा हजेरीपट म्हणजेही तेच. शिडाच्या युद्धनौकेवरचं मस्टर याच जातीचं. माणशी एक ओळ: कधी आला, स्वखुशीने की पकडून आणलेला, जन्म कुठला, वय किती, हुद्दा काय, गेला कधी आणि का. शेवटच्या रकान्यात खूण असे: ‘डी’ म्हणजे मोकळा केला, ‘डीडी’ म्हणजे मेला, ‘आर’ म्हणजे पळाला. कपडे आणि तंबाखूचे पैसे पगारातून वळते करायचे रकानेही त्यातच. पगार आणि शिधा याच वहीवर निघत, म्हणून कप्तानासह जबाबदार अधिकाऱ्यांच्या सह्या होऊन प्रत वरच्या कार्यालयात जाई. खोटं नाव घालणं म्हणजे सरकारचे पैसे खाणं. वही नीट ठेवली गेली ती त्या भीतीने, आणि त्या भीतीचा फायदा आज आपल्याला होतो.

आता ‘क्वीन शार्लट’च्या मस्टरमधली ती ओळ बघा. विल्यम ब्राऊन, वय 21, जन्म कॅरिबियनमधलं ग्रेनाडा बेट, हुद्दा लँड्समन, म्हणजे अगदी नवखा खलाशी. दाखल 23 मे 1815. मोकळा केला 19 जून 1815. कारण: स्त्री असल्यामुळे.

म्हणजे 11 वर्षं नव्हे, जेमतेम चार आठवडे. तारखांना संदर्भही आहे. मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून फ्रान्सला परतला होता आणि नौदलाला पुन्हा माणसं हवी होती. त्याचा शेवटचा पराभव झाला ती वॉटर्लूची लढाई 18 जूनची. हिला उतरवलं दुसऱ्या दिवशी, लढाईची बातमी लंडनला पोचण्याआधीच.

फोरटॉपच्या कप्तानीचं काय? इथे मी जरा थांबणार आहे, कारण पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांना या पदाचं वजन ठाऊक नसतं. वादळात डोलकाठीच्या आडव्या वाशावर पोटावर ओणवं व्हायचं, पायाखाली एकच दोर, आणि ओलं, लाकडासारखं ताठ झालेलं शीड मुठीने ओढून आवळायचं. त्या टोळीचा म्होरक्या म्हणजे फोरटॉपचा कप्तान. हे काम अंगात मुरायला वर्षं लागत. लँड्समन हा त्याच्या अगदी उलट टोकाचा हुद्दा: समुद्राची सवय नसलेला, दोर ओढायला आणि डेक घासायला घेतलेला नवखा माणूस. कोणी म्हणेल, आधी दुसऱ्या जहाजावर शिकली असेल. मग मुरलेल्या खलाशाचा जास्त पगार सोडून ती लँड्समनच्या पगारावर का नाव घालेल? आणि माणसं कमी असताना कप्तान तरी तरबेज हात नवख्यात का मोजेल?

परत घेतल्याची गोष्ट नावाच्या घोळातून आली. त्याच जहाजावर आणखी एक विल्यम ब्राऊन होता, चांगला अनुभवी खलाशी, पण एडिनबरोचा. दोन ओळींचं एक आयुष्य जुळवलं गेलं आणि ग्रेनाडाच्या मुलीला त्या माणसाची बढती मिळाली. विल्यम आणि ब्राऊन ही आपल्याकडच्या विठ्ठल पाटलासारखी नावं. जन्मस्थळाचा रकाना न वाचता ओळी जोडल्या की असं होणारच.

मग 11 वर्षं आली कुठून? सप्टेंबर 1815 मधल्या लंडनच्या वर्तमानपत्रातून. त्यात तिचं वय 26, नवऱ्याशी भांडून समुद्रावर आलेली, खलाशांबरोबर आनंदाने दारू पिणारी, असं खुमासदार वर्णन आहे. जहाज नुकतंच रिकामं झाल्यावर हे उघडकीस आलं, असंही त्यात आहे. मस्टरप्रमाणे तिला जूनमध्येच उतरवलं होतं. वय, हुद्दा, मुदत, काहीच जुळत नाही. बातमी नंतर ऐकून लिहिलेली. मस्टर त्या वेळी, पैशाच्या हिशोबासाठी लिहिलेलं. मी मस्टरच्या बाजूने आहे.

काही जण यावर म्हणतात, इंग्रजांनी नोंद दडपली असेल. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नौदलाची ही मस्टरं कोणालाही पाहता येतात. आणि दडपायचंच असतं तर ‘स्त्री असल्यामुळे’ हे शब्द लिहिलेच नसते.

पुरुषवेशातल्या बायका नौदलात नव्हत्याच, असं मी म्हणत नाही. हॅना स्नेल ही नौसैनिक म्हणून 1748 मध्ये थेट आपल्या पाँडिचेरीच्या वेढ्यापर्यंत आली होती, आणि 1750 मध्ये स्वतःच सत्य सांगितल्यावर तिला पेन्शन मिळालं.

ग्रेनाडात 1815 साली उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत होते. तिथे जन्मलेली एक मुलगी पुरुषाचं नाव घेऊन शंभराहून अधिक तोफांच्या युद्धनौकेवर चढते, शेकडो पुरुषांत चार आठवडे काढते, ही घडलेली गोष्ट आहे. ती मला त्या 11 वर्षांपेक्षा मोठी वाटते. पुढच्या महिला दिनाला पोस्ट टाकायचीच असेल, तर हे टाका: विल्यम ब्राऊन, वय 21, ग्रेनाडा, लँड्समन, 23 मे ते 19 जून 1815.