काचेमागच्या कॅमेऱ्यावरचा लाडका आरोप

कॅमेऱ्यांबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कंपन्यांकडे नवीन काही उरलेलं नाही. म्हणून त्या प्रदर्शनात जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा एखादा कॉन्सेप्ट, म्हणजे नुसती कल्पना दाखवणारा नमुना, काचेमागे मांडतात आणि म्हाताऱ्या हौशी मंडळींच्या आठवणी चाळवतात. तो कॅमेरा बाजारात मात्र कधी येत नाही. शेवटची ओळ तर झणझणीतच आहे: ‘आत तेच, वर फक्त जुनं कातडं.’

पहिल्यांदा वाचताना मीही मान डोलावली. मग एकेक मुद्दा सोलायला घेतला.

‘कधी येत नाही’ हे सरळसरळ चूक आहे. सप्टेंबर २००८ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात ऑलिंपसने एक छोटा, चपटा, जुन्या वळणाचा कॅमेरा मांडला. ते नुसतं मॉडेल होतं, त्यातून फोटो निघत नव्हता. पण जून २००९ मध्ये त्याच कल्पनेतून ‘पेन ई-पी१’ आला, १९५९ च्या फिल्मवाल्या ‘पेन’चं नाव घेऊन. सप्टेंबर २०१० मध्ये त्याच प्रदर्शनात फुजीफिल्मने जुन्या वळणाचा एक्स१०० हा कॅमेरा दाखवला आणि मार्च २०११ मध्ये तो विक्रीला आला. उलट बाजूची उदाहरणं आहेतच. जुन्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसणारं डिजिटल काडतूस विकण्याचं स्वप्न ‘सिलिकॉन फिल्म’ने १९९८ पासून दाखवलं आणि २००१ मध्ये ती कंपनीच गुंडाळली गेली. गंमत म्हणजे २०११ च्या एक एप्रिलला एका जर्मन डिझाइन संस्थेने तसंच काडतूस थट्टेखातर जाहीर केलं, तर लोकांना ते खरंच हवं होतं. थट्टेतून एवढं कळत असेल, तर काचेमागच्या मॉडेलातून कंपनीला किती कळत असेल!

आता कातड्याचा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एसएलआरला, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत नेणाऱ्या कॅमेऱ्याला, आरसा लागतो. आरशाला खोली लागते आणि त्याच्या डोक्यावर प्रिझमचा उंचवटा येतो. त्या कॅमेऱ्यांचं रूप बरंचसं या पेटीनेच ठरवलेलं होतं. मिररलेसमध्ये आरसा गेला. ऑलिंपसच्या त्या मॉडेलमागच्या मायक्रो फोर थर्ड्स या मिररलेस पद्धतीत लेन्स जिथे बसते त्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर आधीच्या, आरसा असलेल्या फोर थर्ड्सच्या निम्म्यावर आलं, सुमारे ३९ मिलिमीटरवरून १९ वर. आकार मोकळा झाला. आता कॅमेरा कसाही दिसू शकतो, हे आकडे सांगून कोणाला पटणार? तो हातात मावेल असा करून दाखवावा लागतो. ऑलिंपसचं ते मॉडेल हेच सांगत होतं. जुनं वळण आलं ते आतली रचना बदलल्यामुळे. आत ‘तेच’ असतं, तर ते जमलंच नसतं.

दुसरी गोष्ट डायलची. एक्स१०० बंद असताना वरून पाहा. लेन्सच्या कड्यावर एफ ५.६ (प्रकाशाचं छिद्र किती उघडं), शटरच्या डायलवर २५० (सेकंदाचा अडीचशेवा भाग), शेजारी एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ हवा याची, दुरुस्ती. स्क्रीन न उजळता सगळं ठरवून कॅमेरा पिशवीतून बाहेर काढता येतो. ही नटवेगिरी नाही.

नटवेगिरी असते तीही दाखवतो. लायकाच्या एम१०-डी या डिजिटल कॅमेऱ्यावर फिल्म ओढायच्या खटक्यासारखी दिसणारी एक वस्तू आहे. ती ओढली तर काहीही होत नाही, ती अंगठा टेकवायला आहे. एप्सनच्या २००४ च्या आर-डी१ वरही तसाच खटका आहे, आणि डिजिटल असूनही तो ओढल्याशिवाय फोटो निघत नाही, कारण आतलं शटर त्याच खटक्याने ताणलं जातं. दोन्ही लांबून सारखेच दिसतात. मजकूर लिहिणाऱ्याने त्यांना एकाच मापाने तोललं, हा माझा खरा राग.

‘म्हाताऱ्यांसाठी’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. एक्स१००व्ही हा त्याच एक्स१००चा पुढचा अवतार, २०२० चा. दोनेक वर्षांनी टिकटॉकवरच्या तरुण पोरांनी तो इतका उचलून धरला की दुकानांत मिळेना. त्यातल्या अनेकांनी फिल्मचा रोल कधी हातातही घेतला नसेल.

राहिलं ‘नवीन काही उरलं नाही’. खरी अडचण कल्पनांची नाही, बाजाराची आहे. जगभरात २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२३ मध्ये सुमारे ७७ लाख. फोनने बाकीचं गिळलं. एवढ्याशा बाजारात चुकीचा कॅमेरा काढणं म्हणजे साचे, लेन्स, कारखान्याची वेळ, सगळ्यावर पाणी. त्यापेक्षा एक मॉडेल काचेमागे ठेवून गर्दी कुठे थबकते ते पाहणं स्वस्त. शिवाय दुसऱ्या कंपनीकडे निघालेला ग्राहक ‘थोडं थांबू’ म्हणतो. यात डावपेच आहे, नाही असं नाही.

पण तो डाव फुकटचा नसतो. पुढचा कॅमेरा दाखवला की लोक आजचा घ्यायचं टाळतात, म्हणजे आपल्याच मालावर कुऱ्हाड. फुजीला २०१० मध्ये ते परवडलं, कारण एक्स१००मुळे विक्री बुडेल असा त्या वर्गातला दुसरा कॅमेरा त्यांच्याकडे नव्हताच. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या कंपनीने जुन्या वळणाचा कॉन्सेप्ट मांडला, तर मी आधी तिच्या आजच्या यादीत डोकावेन, आणि मग विचारेन की तो खटका ओढला तर काय होतं.