वजन उतरलं नाही, तरी चालणं वाया जात नाही

‘तीन महिने चालूनही काटा हलला नाही? मग रक्तवाहिन्यांनाही काही फायदा नाही. आधी चरबी उतरवा. आणि घाम गाळलात तर ब्लॉकेज आपोआप विरघळतील, गोळ्या सुटतील.’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो वाचून स्थूल माणसं चालणं सोडून देतात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

‘काटा हलला नाही, म्हणजे फायदा नाही.’ साफ चूक. रक्तवाहिनीला आतून एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकपदरी थर असतो. झपाझप चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो, या थरावरून जोराने घासत जातो आणि त्या घर्षणाने पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवतात. त्याने भिंतीतला स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. (या रेणूच्या कामाच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं.) स्थूलपणात इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, म्हणून नायट्रिक ऑक्साइड कमी बनतो, बनलेलाही ऑक्सिडीकरणाच्या ताणात (ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढल्याने) लवकर नष्ट होतो. नियमित व्यायामाने तो बनवणारं एन्झाइम वाढतं आणि नासाडी घटते. वजन उतरलं तर फायद्यात भरच पडते, पण हा बदल त्यासाठी थांबून राहत नाही.

हे मोजताही येतं. हाताला पट्टा बांधून ५ मिनिटं रक्तप्रवाह रोखतात, मग सोडतात आणि दंडाची धमनी किती टक्के रुंदावली ते सोनोग्राफीवर पाहतात. उपाशीपोटी, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम न करता; नाहीतर आकडा फसवतो. स्थूल व्यक्तींमध्ये सुमारे ८ ते १२ आठवड्यांच्या एरोबिक (झपाझप चालण्यासारख्या) व्यायामानंतर, वजन फारसं न उतरताही, हा आकडा सुधारल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

‘घाम येईल तेवढा फायदा.’ घाम हवामानावरही ठरतो. मुंबईच्या मे महिन्यात बसल्या जागीही येतो. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं. सुरुवात रोज १० मिनिटांनी करा, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणं. मात्र दीर्घ खंड पडला की हा फायदा काही आठवड्यांतच ओसरू लागतो.

‘ब्लॉकेज विरघळतात.’ नाही. रुंदावण्याची क्षमता सुधारणं वेगळं, भिंतीत साचलेला चरबीचा थर निघून जाणं वेगळं. रक्तदाबाच्या वा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. चालताना छातीत दाब जाणवला, तर तिथेच थांबा. विश्रांतीनेही तो गेला नाही, तर लगेच १०८ला फोन करा.